उपवास-प्रार्थनेला न्यायचं की डॉक्टरकडे?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं :

“मुलगा २१ वर्षांचा. पुण्यात डिप्लोमाला होस्टेलवर असताना आधी गांजा, मग दारू. विषय राहिले, आता वर्षभर घरीच आहे. रोज रात्री एक क्वार्टर, कधी दीड. सहा महिन्यांपासून झोपेच्या गोळ्याही घेतो. स्ट्रिपवर अल्प्राझोलाम ०.५ असं लिहिलंय, दिवसाला चार-पाच जातात. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतो. यजमान म्हणतात, खोलीत कोंडून ठेवू, चार दिवसांत सुटेल. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलजनांनी सुचवलंय की येत्या रविवारपासून त्याला २१ दिवस एका प्रार्थनाभवनात उपवास-प्रार्थनेला ठेवावं. सगळं एकदम बंद, औषधसुद्धा नाही, कारण गोळ्या खाणं म्हणजे विश्वास कमी. तो जायला तयार झालाय. हा आजार आहे की पाप? नेऊ का त्याला?”

ताई, प्रभूमध्ये सलाम.

रविवारी नेऊ नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी. आणि यजमानांनाही सांगा, खोलीत कोंडायचं नाही. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींनी आम्हाला काळजी वाटते : सकाळचा थरथरता हात, आणि दारूच्या जोडीला अल्प्राझोलाम. या दोन्ही गोष्टी असताना सगळं एका दिवसात बंद करणं जिवावर बेतू शकतं.

का, ते समजून घ्या, म्हणजे घरात पटवून देता येईल. दारू आणि अल्प्राझोलाम, दोन्ही मेंदूचा एकच ब्रेक दाबतात. महिनोन् महिने कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसलं की मेंदू तोल सांभाळण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर वाढवत नेतो. आता ब्रेकवरचा पाय एकदम काढला, तर अ‍ॅक्सिलरेटर तसाच दाबलेला राहतो. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, घरातलं माणूस ओळखू येत नाही, अंगात ताप भरतो. अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरतं, म्हणून त्याच्या फिटा एक-दोन दिवसांतही येतात. ‘चार दिवसांत सुटेल’ असं यजमान म्हणतात ते चार दिवस नेमके हेच आहेत. प्रार्थनाभवनात त्या वेळी रात्री नर्स नसेल, सलाईन नसेल, आणि थरथरणाऱ्या पोराला पाहून कोणाला वाटेल की दुष्टात्मा निघतोय. फिट आलेल्या मुलाला धरून मोठमोठ्याने प्रार्थना करण्यात जी वीस मिनिटं जातात, ती ॲम्ब्युलन्सची असतात.

उपवासाबद्दल तर स्पष्टच सांगतो. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आधीच कमी असतं. रक्तातली साखरही पटकन खाली येते. त्यात उपवास घडवला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते : चालताना तोल जातो, डोळे नीट हलत नाहीत, स्मरणशक्ती जाते. दवाखान्यात अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन देतात ते याचसाठी. उपवास करायचाच असेल तर तुम्ही करा, वडीलजनांनी करावा, सगळ्या मंडळीने करावा. त्याला जेवू घाला. यशयाच्या ५८ व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास कोणता ते सांगितलं आहे : बेड्या तोडणं, जू मोडणं, भुकेल्याला आपल्या अन्नातला वाटा देणं. आणि १ राजेच्या १९ व्या अध्यायात एलीया झुडुपाखाली ‘आता मरण दे’ म्हणत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो खाऊन पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं. देवाची ती मंद वाणी ऐकू आली ती या सगळ्याच्या नंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. आधी अन्न आणि झोप, मग संवाद. तुमच्या मुलाच्या बाबतीतही क्रम हाच ठेवा.

आता ‘आजार की पाप’. हा प्रश्न विचारणारी प्रत्येक आई मनातून आणखी एक गोष्ट विचारत असते : याला माफ करायचं की याची कीव करायची? आम्हाला वाटतं, दोन्ही शब्द लागतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. होस्टेलवरचा पहिला पेला त्याने स्वतः उचलला. घरातून पैसे उचलले असतील, खोटं बोलला असेल, ते चूकच आणि त्याची कबुली त्यालाच द्यायची आहे. पण विशी-एकविशीतल्या मेंदूचा पुढचा भाग, जो ‘थांब, उद्याचा विचार कर’ म्हणतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. सुख देणाऱ्या गोष्टीकडे ओढणारा भाग मात्र आधीच पूर्ण जोरात असतो. या वयात रोज दारू पडली की ओढ पक्की होते आणि लगाम कच्चा राहतो. त्यानंतर ‘सोडीन’ हा शब्द तो खरा मनापासून देतो आणि संध्याकाळी सात वाजता मोडतो. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल हेच म्हणतो : जे चांगलं करायचं असतं ते हातून होत नाही, आणि जे वाईट नको असतं तेच होतं. पौलाला कोणी नाटकी म्हटलं नाही. तुमच्या मुलालाही म्हणू नका.

डॉक्टर व्यसनाधीनता ठरवताना नीतिमत्ता बघत नाहीत. ते बघतात की प्रमाणावर ताबा उरलाय का, तीव्र ओढ लागते का, तेवढ्याच नशेसाठी जास्त लागायला लागलंय का, बंद केल्यावर अंगाला त्रास होतो का, बाकीचं आयुष्य मागे पडलंय का, नुकसान दिसूनही चालूच आहे का. या सहांपैकी तीन वर्षभरात असतील तर निदान होतं. तुमच्या पत्रातच आम्हाला चार दिसतात. एक हिशेबही सांगून ठेवतो, कारण ‘फक्त एक क्वार्टरच घेतो’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं : क्वार्टर म्हणजे १८० मिली, आणि व्हिस्की-रमच्या नेहमीच्या ताकदीला त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. म्हणजे १० ग्रॅमच्या मापाने सहा पेग. रोज.

वडीलजनांचं ‘विश्वास कमी’ हे म्हणणं मनाला लागलं असेल. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना तुमच्या मुलाची कळकळ आहे. पण त्यांना नम्रपणे एक आठवण करून द्या. आपल्याकडे ज्या मिशनऱ्यांनी शुभवर्तमान आणलं त्यांनीच दवाखाने बांधले. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल कुठून आलं? नगरचं मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) बूथ हॉस्पिटल? लूकला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो आणि त्याला सोबत घेऊन फिरतो. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोनी माणसाने वाटेत पडलेल्याच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि परत येताना उरलेला खर्च भागवीन असंही सांगितलं. प्रथमोपचार, भरती, खर्च आणि पाठपुरावा, चारही त्या एका दाखल्यात आहेत.

मग आता करायचं काय. डॉक्टरांना भेटेपर्यंत तो घेतो ते अचानक तोडू नका, आणि वाढवूही देऊ नका. दारूवर जास्तीची गोळी कधीच नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. तो हलवूनही उठत नसेल, घोरण्यासारखा खोल आवाज येत असेल, ओठ निळे पडत असतील तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा. ताक, लिंबूपाणी, मीठ घालून उलटी, यातलं काहीही तोंडात घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. फिट आली तर वेळ बघा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, दातांत चमचा घालू नका, आणि तेव्हाही १०८.

एका वहीत तीन दिवस लिहा : किती वाजता काय घेतलं, किती, शेवटचं कधी, झोप किती, पूर्वी कधी फिट आली होती का. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स फेकू नका. डॉक्टरांना त्यावरचं नाव आणि मिलिग्राम हवं असतं, ‘पांढरी छोटी गोळी’ याने काम होत नाही. मानसोपचार तज्ज्ञ बहुतेक वेळा लघुकाळ टिकणाऱ्या गोळीच्या जागी जास्त वेळ टिकणारी देतात आणि ती पायरी-पायरीने कमी करतात. दारूचा त्रास सहसा आठवडा-दहा दिवसांत उतरतो. अल्प्राझोलामची कपात मात्र कित्येक आठवडे, कधी महिने चालते. ‘दारू सुटली तरी गोळ्या चालूच’ असं कोणी टोचून बोललं तर ही आकडेवारी सांगा. त्याच्या बाबतीत हे पहिले दिवस घरी न काढता भरती होऊन काढावेत असंच आमचं मत आहे.

डॉक्टरांना दोन गोष्टी तुम्ही स्वतः विचारा. एक, याच्या मुळाशी नैराश्य, चिंता किंवा आणखी काही आहे का. झोपेसाठी गोळी सुरू झाली म्हणजे झोप आधी का गेली, हा प्रश्न उरतोच. दुसरी, त्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का. हे विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. शेती असेल तर कीटकनाशकाचे डबे आजच कुलपात जाऊ द्या. गांजाबद्दल एवढंच : कानात आवाज, उगाच संशय असं काही असेल किंवा घराण्यात कोणाला तसा आजार असेल तर आवर्जून सांगा.

कुठे? जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, नाहीतर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, दोन्ही सरकारी आणि मोफत. जवळची सोय तिथे विचारता येईल. पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या चर्चमध्ये सुरू केलेलं ‘कृपा फाउंडेशन’ तुमच्या श्रद्धेच्या माणसाला जवळचं वाटेल. खासगी केंद्र निवडणार असाल तर जाण्याआधी विचारा : नोंदणी आहे का, मानसोपचार तज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, पहिल्या आठवड्यात रात्री नर्स असते का, घरच्यांना भेटू देतात का, सोडल्यानंतर सहा महिने कोण बघणार. साखळी, मारहाण, ‘उचलून आणतो’ असं ऐकलंत तर तिथून परत या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जशी जोडलेले मनाचे विकारही येतात, आणि त्यात साखळीने बांधायला सरळ मनाई आहे. पोलिसांची भीती असेल तर हेही माहीत असू द्या : अमली पदार्थांबद्दलच्या एनडीपीएस कायद्याचं ६४-अ कलम, स्वतःहून उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं.

एक गोष्ट मात्र कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. ‘पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा’ म्हणून पुड्या मिळतात. आमटीत कालवायच्या. त्यात काय आहे ते कोणाला माहीत नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल, तर त्यावर दारू गेल्यावर तोंड लाल होतं, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. हे औषध चांगलं आहे, पण ज्याला कळलंय, ज्याने होकार दिलाय आणि दारू थांबवून किमान बारा तास झालेत, त्यालाच, डॉक्टरांच्या देखरेखीत. आणि तो ते घेत असेल तेव्हा चर्चमधल्या प्रभुभोजनाचा प्याला पाळकसाहेबांकडून आधी तपासून घ्या : द्राक्षाचा ताजा रस आहे की आंबवलेला? आंबवलेला असेल तर त्याला फक्त भाकर द्यावी. नाताळातला रम घातलेला केक, घरची द्राक्षवाईन, मद्यार्क असलेलं खोकल्याचं औषध, हे सगळंही याच यादीत. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे सांभाळायचं.

त्याच्याशी बोलायची वेळ सकाळची. पिऊन आल्यावर रात्री दाराशी नाही. आणि समोर बसून दहा माणसं नकोत, तुम्ही एकट्या. “तू घर बुडवलंस” याऐवजी “काल चहा तुझ्या हातावर सांडला, मला भीती वाटली. डॉक्टरांना फक्त एकदा हात दाखवू, मी बरोबर येते.” एवढंच. त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. तो प्रार्थनाभवनात जायला तयार झाला, म्हणजे त्याला सुटायचं आहे. तो होकार मोडू नका, दिशा बदला.

पैशाबाबत कठोर व्हा, जेवणाबाबत नाही. रोख हातात नको, फी असेल ती परस्पर कॉलेजला भरा. त्याची उधारी फेडू नका, त्याच्या वतीने कोणाला ‘ताप आलाय’ असं खोटं सांगू नका. आयांना हे क्रूर वाटतं. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असं म्हटलंय, आणि तीनच ओव्यांनंतर प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा असंही. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत : बारोस, म्हणजे एकट्याने न पेलणारं वजन, आणि फोर्तिओन, म्हणजे सैनिकाच्या पाठीवर असते तशी ज्याची त्याची पडशी. फिट, दवाखान्याचा खर्च, रात्रीची जागरणं हे पहिलं, ते सगळ्यांनी मिळून उचला. बारमधली उधारी ही त्याची पडशी. उधळ्या पुत्राच्या बापाने परदेशात पैसे पाठवले नाहीत. मुलगा डुकरांच्या शेंगांपर्यंत पोहोचला आणि तिथे ‘शुद्धीवर आला’ असं लूक लिहितो. पण बापाची नजर रस्त्यावर होती, म्हणून तर तो दूर असतानाच त्याला दिसला.

मंडळीला खरं काम यापुढे आहे, आणि ते कोणत्याही डॉक्टरला जमणार नाही. उपचारानंतर संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ रिकामी होते, पूर्वी ती दारूने भरलेली असायची. मत्तयाच्या बाराव्या अध्यायातलं झाडून ठेवलेलं रिकामं घर आठवा, निघून गेलेला दुष्टात्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो ते. ती वेळ भरायला माणसं लागतात : तरुण संघातला कोणी त्याच्याबरोबर चालायला जाईल, कोणी क्रिकेटला नेईल, कोणी गायनपथकात तबल्यावर बसवेल. तलफ सहसा अर्ध्या तासात ओसरते, तेवढ्या वेळात फोन उचलणारी तीन माणसं हवीत, त्यांचे नंबर त्याच्या खिशात कागदावर. चर्चची एखादी खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या) सभेला द्यायला सांगा. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ ख्रिस्ती प्रार्थनागटांतूनच उगवली. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकरवी एक ते चार बैठकांचं समुपदेशन देऊन पाहिलं आणि प्रमाणाबाहेर पिणाऱ्या पुरुषांना त्याचा उपयोग झाला. २०१७ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. तुमच्या मुलासारख्या पुढे गेलेल्या केसला तेवढं पुरणार नाही, पण तुमच्या तरुण संघात जे शनिवारी ‘फक्त बिअर’वर आहेत त्यांना पुरेल. पाळकसाहेबांना हे दाखवा.

दोन गोष्टींसाठी मात्र मंडळीला थांबवा. प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव नको. ‘एका तरुणासाठी प्रार्थना करा’ एवढं देवाला पुरतं. आणि दारू सुटून महिना झाला की त्याला पुढे उभं करून साक्ष द्यायला लावू नका, किमान वर्षभर तरी. टाळ्या वाजल्यानंतर पाय घसरला, तर तो आधी चर्चला यायचं बंद करतो आणि मग फोन उचलायचं. घसरणं होऊ शकतं. उपचारानंतर निम्म्याच्या आसपास लोक एकदा तरी पुन्हा घेतात, रक्तदाब-दम्याच्या रुग्णांचंही औषधपाण्यात असंच होतं. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, महिनाभर लपवू नका. आणि खंड पडल्यानंतर शरीर पूर्वीइतकं सोसत नाही, जुन्याच मापाने घेतलं तर जीव जाऊ शकतो, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

स्वतःसाठी अल-अनॉनची सभा शोधा, ती पिणाऱ्यांच्या घरच्यांची असते. तुम्हीही रात्र-रात्र जागताय, पत्राच्या अक्षरावरून कळतं.

पाळकसाहेबांना शनिवारीच भेटा. त्यांना म्हणा, २१ दिवसांची प्रार्थना रद्द करू नका, ती करा, फक्त दवाखान्याच्या जवळ करा. त्यांच्यापैकी एकाने सोमवारी ओपीडीत तुमच्याबरोबर बसावं. लवकर निघा, केसपेपरची रांग सकाळीच लागते. पिशवीत वही, रिकाम्या स्ट्रिप्स, आधारकार्ड आणि त्याच्यासाठी चपाती-भाजीचा डबा असू द्या.